समुद्रातल्या रुग्णांना डॉक्टर हवेत

नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे एक पिल्लू वाळूत अडकले. ग्रामस्थ, वनविभाग, तटरक्षक दल असे सगळे मदतीला धावले. त्याच्या अंगावर ओली कापडे टाकली, सतत पाणी मारले, भरती साधून त्याला समुद्रात नेले. दोन-तीन दिवसांच्या या धडपडीनंतरही पिल्लू वाचले नाही. माणसांनी कसूर केली नव्हती. पण अशा रुग्णावर उपचार करायला शिकलेले हात आपल्याकडे किती आहेत, हा प्रश्न त्या पिल्लाने मागे ठेवला.

पाण्यात असताना देवमाशाचे वजन पाणी पेलते. वाळूवर तेच वजन त्याच्या फुप्फुसांवर आणि स्नायूंवर येते. दबलेल्या स्नायूंमधून मायोग्लोबिन नावाचे प्रथिन रक्तात उतरते आणि मूत्रपिंडांना इजा करते. इमारतीच्या ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेला माणूस काही तासांनी दगावतो, त्यामागेही बऱ्याचदा हेच कारण असते. शिवाय कातडीखालच्या जाड चरबीमुळे पाण्याबाहेर या प्राण्याचे अंग तापत जाते. त्यामुळे प्राणी समुद्रात परत गेला म्हणजे तो बरा झाला, असे होत नाही. आईच्या दुधावरचे पिल्लू तर तज्ज्ञांच्या हातूनही वाचणे कठीण. तरीही वेदना किती द्यायच्या, कधी थांबायचे आणि मृत्यूनंतर कारण कसे शोधायचे, हे ठरवायला वैद्यकीय ज्ञानच लागते.

देवमासा क्वचित येतो, कासवे मात्र दर पावसाळ्यात येतात. कासव फुप्फुसाने श्वास घेते. जाळ्यात अडकले आणि वर येता आले नाही, तर ते गुदमरते. सुटले तरी फुप्फुसात गेलेल्या पाण्याने न्यूमोनिया होऊ शकतो. नायलॉनचा दोरा करकचून बसला, तर वल्ह्यासारखा पाय सडतो आणि कापावा लागतो. थंड रक्ताच्या या प्राण्यात औषध किती आणि किती अंतराने द्यायचे, हे त्याच्या शरीराच्या तापमानावर ठरते. जखम भरायला महिने लागतात. गाईम्हशींसाठी पाठ केलेले डोस इथे चालत नाहीत.

दहावी-बारावीतली अनेक मुले ‘मला समुद्री प्राण्यांसोबत काम करायचे आहे’ असे म्हणतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा परदेशातला डॉल्फिनचा खेळ असतो. भारतात ती नोकरी नाही. केंद्र सरकारने २०१३ मध्येच डॉल्फिनचे खेळ करणाऱ्या केंद्रांना मनाई केली, आणि ते योग्यच झाले. पण त्यावरून ‘या क्षेत्रात काही नाही’ असा निष्कर्ष काढून पालक विषय बंद करतात, ते चूक आहे. वाट आहे, मात्र ती सरळ नाही आणि तिच्यावर पाटी नाही.

प्राण्यांवर उपचार करायचे असतील, तर दार एकच: पशुवैद्यकाची पदवी. एमबीबीएसप्रमाणेच हा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे आणि प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर मिळतो. मुंबई, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर इथे सरकारी महाविद्यालये आहेत. तिथे मुख्य भर गाय, म्हैस, शेळी, कोंबडी, कुत्रा यांवर असतो. समुद्री प्राण्यांचे शिक्षण पुढे अनुभवातून मिळवावे लागते. मासे आणि जलचरांच्या आरोग्यात रस असेल, तर रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात चार वर्षांची पदवी आहे. त्यापुढे मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत जलचर आरोग्य व्यवस्थापन हाच पदव्युत्तर विषय आहे.

उपचारांपेक्षा समुद्र समजून घेण्याची ओढ असेल, तर भौतिक, रसायन, जीव किंवा भूशास्त्र यांपैकी कोणतीही भक्कम पदवी चालते. त्यानंतर गोवा विद्यापीठात सागरी विज्ञान शिकता येते. १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोना पावलाला आहे. हैदराबादचे केंद्र मच्छीमारांना मासळी कुठे मिळेल याची सूचना देते आणि त्सुनामीचा इशाराही देते. समुद्रापासून दूर असलेल्या नागपुरात जन्मलेल्या अदिती पंत याच क्षेत्रातून १९८३ मध्ये अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेल्या. तेव्हा ‘आपण कुठे समुद्राकाठी राहतो’ ही सबब विदर्भ-मराठवाड्यातल्या मुलींना सांगू नये.

या अभ्यासाचा रुग्णालयाशी काय संबंध, असे कोणी विचारील. रक्ताच्या कर्करोगावर आजही दिले जाणारे सायटाराबीन हे औषध समुद्री स्पंजातल्या रसायनांवरून सुचले. इंजेक्शनमध्ये जिवाणूंचे विष उरले आहे का, हे तपासण्यासाठी नालखेकड्याचे रक्त वापरले जाते. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म प्लवकांना चिकटून राहतात, हे समुद्रशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. त्यावरून बांगलादेशातल्या गावांत जुन्या साडीची घडी घालून पाणी गाळून पाहिले, तर कॉलऱ्याचे रुग्ण जवळपास निम्मे झाले. समुद्राचा अभ्यास थेट घरातल्या हंड्यापर्यंत पोहोचला तो असा.

मात्र मुलांना अर्धेच चित्र दाखवणे बरे नव्हे. समुद्री प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांसाठी कायम पदे फार थोडी आहेत. बरेचसे काम प्रकल्पावर, कंत्राटावर चालते. प्रकल्प संपला की माणूस दुसरी नोकरी शोधतो आणि त्याने कमावलेला अनुभव त्याच्याबरोबर जातो. मेलेल्या माशाच्या वासात, भर पावसात, रात्री-अपरात्री उभे राहण्याची तयारी हवी. म्हणून मुलांनी आधी स्वतःच्या पायावर उभे करील अशी पदवी घ्यावी, समुद्र त्यावर बांधावा. पोहायला शिकावे. सुट्टीत वेळासला जाऊन कासवांची घरटी कशी जपतात ते पाहावे. तेवढे पाहूनही ओढ टिकली, तर ती खरी.

उरलेली जबाबदारी सरकारची आहे. महाराष्ट्रात कोळी बांधवांनी संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापले, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या ‘प्रथमा’ या कासवाच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवले गेले. म्हणजे प्राणी सोडवायची आणि त्याचा माग ठेवायची सोय झाली. मधल्या पायरीवर, म्हणजे जखमी प्राण्याच्या उपचारावर, ठोस व्यवस्था कमी पडते. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत किनाऱ्यालगतच्या प्रत्येक जिल्ह्यात किमान एका पशुधन विकास अधिकाऱ्याला समुद्री प्राण्यांचे रीतसर प्रशिक्षण द्यावे आणि हे काम त्याच्या पदाचा भाग करावे. पशुवैद्यक आणि मत्स्य महाविद्यालयांनी मिळून एक पदव्युत्तर पदविका सुरू करावी. किनाऱ्याला लागलेला प्राणी जेसीबीने खड्ड्यात पुरण्याआधी शक्य तिथे त्याचे शवविच्छेदन व्हावे आणि नोंद राहावी. माणसांच्या वैद्यकानेही बरेचसे ज्ञान शवविच्छेदनाच्या टेबलावरच मिळवले आहे.

यासाठी नवे मोठे रुग्णालय बांधावे लागणार नाही. मोजक्या जागा, थोडे प्रशिक्षण आणि कायम पगार एवढे पुरे. मुलांमध्ये इच्छा आहे आणि किनाऱ्यावर रुग्ण आहेत. या दोघांची गाठ घालून देणारी नेमणूक तेवढी व्हायची आहे.