चाकाचा दणका यंत्र मोजेल, रूळ कोण जपेल?



आमच्या जबलपूर विभागात इटारसी–कटनी मार्गावर सिमेंट-कोळशाच्या मालगाड्या रात्रंदिवस धावतात. २२.९ टन एक्सल लोडच्या वाघिणीचे एकेक चाक रुळावर सुमारे साडेअकरा टन भार टाकते. चाक चपटे झाले की तेच घणासारखे आदळते.

हा दणका मोजण्यासाठी कानपूरच्या आय.आय.टी.ने आर.डी.एस.ओ.च्या सहकार्याने रुळाला सेन्सर लावणारे 'वाइल्ड' यंत्र बनवले. आता धावत्या गाडीच्या कंपनांवरून हा जोर ओळखायला संशोधक संगणकाला शिकवीत आहेत.

यंत्राला आमचा विरोध नाही. परंतु संगणक शिकतो तो पूर्वी मोजलेल्या नोंदींवरून. त्याचा अंदाज हा अंदाजच. पावसात खचलेली खडी आणि सैल झालेली फिशप्लेट दुरुस्त करतो तो कीमन आणि गँगच. सुरक्षेच्या रिक्त जागांकडे काकोडकर समितीने २०१२ सालीच बोट दाखवले होते.

म्हणून मागणी दोनच : यंत्राने दिलेला इशारा त्याच दिवशी गँगपर्यंत पोहोचवा, आणि यंत्राच्या नावाखाली ट्रॅकमेंटेनरची एकही जागा कमी करू नका. टपाल बांधवांनो, यंत्र पुढे करून जागा गोठवण्याचा हा डाव उद्या तुमच्याही दारी येईल. आजच एकजूट करा!

— शाखा सचिव, चेरीताल, जबलपूर