चेंडू खरा की चेहरा?

२०२५च्या सप्टेंबरात 'एफसी २६' हा फुटबॉलचा व्हिडिओ गेम बाजारात आणताना ईए स्पोर्ट्सने एकाच गेममध्ये दोन खेळ दिले. एकट्याने करिअर खेळणाऱ्यासाठी 'ऑथेंटिक', म्हणजे संथ, टीव्हीवरच्या सामन्याच्या जवळ जाणारा. ऑनलाइन भिडणाऱ्यांसाठी 'कॉम्पिटिटिव्ह', म्हणजे वेगवान, बटणाला तत्काळ दाद देणारा. 'मैदानात आहे ते सगळे इथे आहे' अशी वर्षानुवर्षे दवंडी पिटणाऱ्या कंपनीने, सगळ्यांना ते सगळे नको असते, हे एकदाचे कबूल केले. बरे झाले. खेळाडूंच्या पत्त्यांची पाकिटे विकून कंपनीची खरी कमाई होते ती ऑनलाइनच्या 'अल्टिमेट टीम'मध्ये. तिथे वेगच ठेवला, यात नवल नाही.

मुळात अस्सलपणाचा दावा घड्याळापाशीच लंगडा पडतो. ऑनलाइन सामन्याचा एक हाफ साधारण सहा मिनिटांचा. नव्वद मिनिटे बारात बसवायची. खऱ्या सामन्यात सरासरी तीनेक गोल होतात. त्याच गतीने खेळवले तर बारा मिनिटांत अर्धाही गोल पडायचा नाही. बहुतेक सामने ०-० सुटले तर पैसे मोजून आलेला गडी दुसऱ्या दिवशी कशाला फिरकेल? म्हणून हुबेहूब नक्कल म्हणवणाऱ्या प्रत्येक 'सिम्युलेशन'च्या पोटात एक आर्केड, म्हणजे निव्वळ गंमतीचा खेळ, दडलेला असतोच. आर्केडवाले ते लपवत नाहीत, इतकाच फरक.

मग अस्सल काय? १९८९च्या 'किक ऑफ'मध्ये खेळाडू म्हणजे वरून दिसणारे ठिपक्याएवढे बाहुले. पण त्याचा निर्माता डिनो डिनी याने त्यात चेंडू पायाला चिकटवला नाही. पळता पळता वळलात की चेंडू सरळ निघून जायचा. ताबा मिळवायला घाम गाळावा लागे. चित्र ओबडधोबड, चेंडू खरा! उलट १९९२च्या 'सेन्सिबल सॉकर'मध्ये लाथ मारून झाल्यावरही जॉयस्टिक वळवून चेंडू हवेत वाकवता येई. निसर्गनियमांना हरताळ, तरी जॉयस्टिक खाली ठेववत नसे. कोनामीच्या 'प्रो एव्होल्यूशन'कडे अनेक क्लबांची नावे वापरायचे परवाने नव्हते, म्हणून लिव्हरपूलचा 'मर्सीसाइड रेड' झाला. नाव खोटे होते, पण पास चुकला तर तो तुमच्याच घाईमुळे चुकला, हे कळायचे. आमच्या मते वास्तववादाची तीच खरी कसोटी.

२०२१च्या 'फिफा २२'साठी ('एफसी' मालिकेचे तेव्हाचे नाव 'फिफा') ईएने बावीस खेळाडूंना सेन्सरचे पोशाख घालून पूर्ण सामना खेळवला आणि त्यांच्या हालचाली टिपल्या. काम मोठेच. पण हालचाल खरी दाखवायची तर ती पुरी होऊ द्यावी लागते, आणि तोवर तुमचे बटण ताटकळते. गडी देखणा वळतो, चेंडू मात्र प्रतिस्पर्ध्याने पळवलेला असतो. (कपाळावरचा घाम तेवढा सुंदर चकाकतो.)

तेव्हा नवा गेम घेण्याआधी जाहिरातीतले गवत आणि गोंदवलेले दंड पाहून भुलू नका. मित्राकडे दोन सामने खेळा आणि एवढेच पाहा: जोरात आलेला पास अडवताना चेंडू पायावरून थोडा उसळतो का, आणि गोल खाल्ल्यावर चूक कोणाची ते कळते का. दोन्हींचे उत्तर 'हो' असेल, तर वेष्टनावर काहीही छापलेले असो, खुशाल घ्या.