भिंतीवरची चेटकीण
रामसे बंधूंच्या काळापासून भयपटाच्या भित्तिपत्रकाला पडका वाडा, काळेकुट्ट रान आणि केस मोकळे सोडलेली स्त्री एवढे भांडवल पुरत आले आहे. या नजरेने गोंदिया जिल्ह्यातील बोदलकसाचा रानाने वेढलेला तलावही झपाटलेलाच ठरावा. शेतकऱ्याला मात्र तो धानाचे पाणी आहे. २०१८ च्या ‘तुंबाड’ने जाहिरातीत वाडा, पाऊस, काळोख ठेवला, पण भयाचे मूळ सोन्याच्या हावेत दाखविले. (शापित म्हातारी त्यालाही सुटली नाही!) २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हाही प्रेक्षक लोटले. तेव्हा चेटकीण रंगविल्यावाचून तिकिटे खपत नाहीत, ही सबब खोटी. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करणाऱ्या राज्यात एखाद्या विधवेवर करणीचा आळ येतो, तेव्हा भिंतीवरचे ते चित्र निर्दोष राहत नाही.