पहाटे चारच्या राइडला माझा विरोध का आहे?

पावसाळा सुरू झाला की सोमवारी सकाळी दवाखान्यात एक ठरावीक पेशंट येतो. वय पंचवीस ते चाळीस, कोपर-गुडघे सोललेले, कधी हात गळ्यात बांधलेला. "ताम्हिणीला गेलो होतो, डॉक्टर. वाळूवर गाडी घसरली." कधी वाळू, कधी खड्डा, कधी आडवं आलेलं कुत्रं. मी विचारतो, आदल्या रात्री झोपलात किती वाजता? उत्तर बहुतेक वेळा असंच असतं : "साडेबाराला झोपलो, साडेतीनला उठलो."

मग दोष एकट्या वाळूचा कसा?

माझं भांडण बाइकशी नाही. आठवडाभर स्क्रीनसमोर बसलेल्या माणसाने मित्रांबरोबर डोंगरात जावं, भजी खावीत, मोकळं हसावं, हे मी स्वतः सांगतो. माझं भांडण त्या "शार्प चार वाजता"शी आहे. झोप मोडणं ही आपण मर्दुमकी समजतो. जो उशिरा निघू म्हणेल त्याची ग्रुपवर टिंगल होते.

आता जरा हिशोब करू. साडेतीनला उठलेला माणूस रात्री साडेआठला परतीच्या घाटात असतो, तेव्हा तो सलग १७ तास जागा असतो. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवलं, की १७ तास जागरणानंतर माणसाची कामगिरी १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असल्याइतकी घसरते. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम! म्हणजे थेंबही न पिता तुम्ही प्यायलेल्या माणसासारखे गाडी चालवता. शिवाय तुमची आदल्या रात्रीची झोपही अर्धवट.

"तोंडावर वारा असतो, झोप कशी लागेल?" असं तुम्ही म्हणाल. झोपाळलेला मेंदू काही सेकंदांची डुलकी घेतो. तिला मायक्रोस्लीप म्हणतात. डोळे उघडे असतानाही ती लागू शकते, आणि लागली होती हे बऱ्याचदा कळतही नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने ३ सेकंदांत गाडी ५० मीटर जाते. घाटातलं वळण त्याच्या आत येतं.

पहाट आणि दुपारी दोन ते चार या वेळा शरीराच्या घड्याळानुसारच सुस्तीच्या. नेमके त्याच वेळी तुम्ही रस्त्यावर असता. दुपारी तर पोटात मटण-भाकरी असते आणि वर "एकच बिअर". ६५० मिलिलिटरच्या साध्या बाटलीत सुमारे २५ ग्रॅम अल्कोहोल असतं, ते निचरायला यकृताला साधारण तीन तास लागतात. स्ट्राँग असेल तर आणखी जास्त. कॉफी, लिंबूपाणी, धबधब्याखालची अंघोळ, यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही.

"पहाटे ट्रॅफिक नसतं" हा मुद्दा मान्य आहे. पण मग रात्री दहाला झोपा. तेवढी तयारी नसेल तर सातला निघा. धबधबा कुठे पळून जात नाही.

माझं सांगणं थोडक्यात :

१. निघण्याआधी किमान सात तास झोप. ती झाली नसेल तर मागेसुद्धा बसू नका, घरी थांबा.

२. सर्दीसाठी सेटिरिझिन किंवा क्लोरफेनिरामिन असलेली गोळी घेतली असेल तर गाडी चालवू नका. या औषधांनी झोप येते.

३. जांभया, डोळ्यांची जळजळ, गेल्या दोन किलोमीटरचा रस्ता न आठवणं, यांपैकी काहीही झालं की थांबा. कॉफी घ्या आणि १५-२० मिनिटं झोपा. उठल्या उठल्या लगेच किक मारू नका.

४. परतीच्या वाटेवर अंधार पडला आणि थकवा असेल तर मुक्काम करा. सोमवारची सुट्टी फ्रॅक्चरपेक्षा स्वस्त पडते.

रेसिडेन्सीत असताना नाइट ड्यूटी करून मीही मित्राच्या येझदीवर लोणावळा गाठलं आहे. तेव्हा वाचलो ते नशिबाने. त्यात कर्तबगारी काहीच नव्हती.

तेव्हा ग्रुपवर पुढचा "शार्प चार"चा मेसेज आला की एवढंच लिहा : "मी सातला येतो." बघा, मनातून हेच हवं असलेले आणखी दोघे-तिघे लगेच अंगठा देतील.