डॉलर, टीसीएस आणि आपली परदेशवारी

साठच्या दशकात परदेशी शिकायला निघालेल्या मुलाच्या खिशात जेमतेम आठ डॉलर असत. २००० मध्ये फेमा हा परकीय चलनाचा कायदा लागू झाला, २००४ मध्ये पैसे बाहेर पाठवण्याची उदार योजना आली. आज वर्षाला अडीच लाख डॉलरची मुभा आहे. लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेल्या जळगाव-धुळ्याच्या आईवडिलांना या सुधारणा किती उमगल्या, हे आम्ही या अंकात पाहिले आहे. आमचा भर टीसीएसवर, म्हणजे पैसे भरतानाच विक्रेत्याने आगाऊ वसूल करायच्या करावर आहे. ऑक्टोबर २०२० पासून परदेशी सहलीच्या पॅकेजवर तो घेतला जातो. प्राप्तिकराचे विवरणपत्र भरले की तो करात वळता होतो किंवा परत मिळतो. पण रावेर-यावलच्या केळीवर जगणारी कितीतरी घरे विवरणपत्र भरतच नाहीत, त्यांचे पैसे अडकून राहतात. तुमचा अनुभव आम्हाला जरूर कळवा.