स्वागताच्या फलकामागील निर्णय कोणाचा?

शिक्षण, नोकरी वा पर्यटनाच्या निमित्ताने अमेरिका-युरोपातील मोठ्या शहरांत वावरणाऱ्या मराठी माणसाला एक दृश्य आता परिचयाचे झाले आहे. एखाद्या जुन्या दगडी चर्चच्या दारावर इंद्रधनुषी झेंडा फडकत असतो आणि शेजारच्या फलकावर सर्वांचे स्वागत असल्याचे लिहिलेले असते. धर्माने समलिंगी व्यक्तींना आपले म्हटले, असा त्याचा सरळ अर्थ लावला जातो. हा अर्थ चुकीचा नसला तरी अपुरा आहे. प्रार्थनेला बसू देणे, विवाह लावून देणे आणि धर्मगुरुपदी नेमणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्यांपैकी काय मान्य आहे आणि ते कोणाच्या निर्णयाने, यावर त्या स्वागताचे आयुष्य ठरते.

अमेरिकेत म्हणूनच ‘वेलकमिंग’ आणि ‘अफर्मिंग’ या दोन शब्दांत काटेकोर फरक केला जातो. पहिल्यात प्रवेशाची मुभा असते, तर दुसऱ्यात बरोबरीचे स्थान अभिप्रेत असते. ‘युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट’ने तर १९८५ सालीच ठराव करून आपल्या स्थानिक मंडळींना ‘ओपन अँड अफर्मिंग’ असे जाहीर करण्याचे आवाहन केले होते.

बहिष्कृतांनी उभारलेली प्रार्थनास्थळे

या स्थळांचा एक प्रकार नाकारल्या गेलेल्यांनीच जन्माला घातला. पेंटेकोस्टल पंथातील धर्मोपदेशक ट्रॉय पेरी यांना त्यांच्या समलिंगी असण्यामुळे पद सोडावे लागले. त्यांनी ६ ऑक्टोबर १९६८ रोजी लॉस एंजेलिसजवळच्या हंटिंग्टन पार्क येथील आपल्या घरी अवघ्या १२ जणांसह प्रार्थना घेतली. हीच ‘मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्च’ची सुरुवात. न्यूयॉर्कमधील गाजलेला स्टोनवॉलचा उठाव त्यानंतर आठ महिन्यांनी झाला, हे लक्षात घेतले म्हणजे या घटनेचे महत्त्व कळते. पुढे १९७२ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ‘बेथ चायिम चदाशिम’ हे समलिंगी ज्यूंचे सिनेगॉग स्थापन झाले आणि त्याच्या सुरुवातीच्या प्रार्थना पेरी यांच्या चर्चच्याच आश्रयाने झाल्या.

या स्वातंत्र्याची किंमतही मोठी होती. जानेवारी १९७३ मध्ये लॉस एंजेलिसच्या चर्चची इमारत आगीत भस्मसात झाली. त्याच वर्षी २४ जून रोजी न्यू ऑर्लिन्समधील ‘अपस्टेअर्स लाउंज’ या बारला लावलेल्या आगीत ३२ जणांचा बळी गेला. मृतांत या चर्चच्या स्थानिक शाखेचे अनेक सदस्य आणि पाद्री बिल लार्सन यांचा समावेश होता. त्यानंतर शोकप्रार्थनेसाठीही शहरातील चर्चची दारे सहजी उघडेनात. अखेर १ जुलै रोजी सेंट मार्क्स या मेथॉडिस्ट चर्चने शोकसभेसाठी जागा दिली.

मतदानाने बदललेले नियम

ज्या मेथॉडिस्ट पंथाच्या एका चर्चने हे धाडस दाखवले, त्याच पंथाने आदल्या वर्षी, म्हणजे १९७२ मध्ये, समलिंगी आचरण ख्रिस्ती शिकवणुकीशी विसंगत असल्याचे आपल्या नियमावलीत नमूद केले होते. ते वाक्य वगळायला ५२ वर्षे लागली. मे २०२४ मध्ये शार्लट येथे भरलेल्या ‘युनायटेड मेथॉडिस्ट चर्च’च्या महासभेने समलिंगी व्यक्तींच्या धर्मगुरुपदावरील बंदी ६९२ विरुद्ध ५१ मतांनी उठवली आणि ते वाक्यही काढून टाकले. मात्र या बहुमतामागे फुटीचा इतिहास आहे. २०१९ ते २०२३ या काळात अमेरिकेतील साडेसात हजारांहून अधिक स्थानिक चर्च या पंथातून बाहेर पडली होती. विरोधक आधीच निघून गेल्यामुळे मतांचे अंतर इतके मोठे दिसले. निर्णयानंतर काही आठवड्यांतच आयव्हरी कोस्टमधील शाखेनेही फारकत घेतली.

स्वीडनची वाट तुलनेने सुकर होती. तेथे १ मे २००९ पासून समलिंगी विवाहाचा कायदा लागू झाला आणि २२ ऑक्टोबरला ‘चर्च ऑफ स्वीडन’च्या धर्मसभेने असे विवाह चर्चमध्ये लावण्यास मान्यता दिली. एखाद्या पाद्र्याची तयारी नसल्यास त्याच्यावर सक्ती नाही. त्याच नोव्हेंबरमध्ये समलिंगी असलेल्या एव्हा ब्रुने स्टॉकहोमच्या बिशप झाल्या. येथे तिन्ही गोष्टी मान्य झाल्या आणि त्या लेखी नियमांत असल्याने एखाद्या व्यक्तीच्या मर्जीवर अवलंबून राहिल्या नाहीत.

एकाकी पुढाकार

जेथे असा संस्थात्मक आधार नसतो, तेथे सारा भार एकट्यादुकट्यावर येतो. बर्लिनमध्ये वकील सेरान आतेश यांनी जून २०१७ मध्ये ‘इब्न रुश्द-ग्योथे’ मशीद सुरू केली, तीही एका प्रोटेस्टंट चर्चच्या इमारतीतील भाड्याच्या जागेत. तेथे स्त्री-पुरुष एकत्र नमाज पढत आणि समलिंगी व्यक्तींनाही स्थान होते. आतेश यांना पोलिस संरक्षणात वावरावे लागले आणि २०२३ मध्ये हल्ल्याच्या भीतीने मशीद लोकांसाठी बंद करावी लागली.

दक्षिण आफ्रिकेतील इमाम मुहसिन हेंड्रिक्स यांना तर प्राण गमवावे लागले. स्वतःचे समलिंगी असणे जाहीर करून त्यांनी केप टाउनमध्ये अशा मुस्लिमांसाठी प्रार्थनास्थळ चालवले. १५ फेब्रुवारी २०२५ रोजी गेबेखा शहरात त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. लैंगिक कलावरून भेदभाव करण्यास १९९६ च्या राज्यघटनेने मनाई केलेला आणि २००६ पासून समलिंगी विवाह कायदेशीर असलेला हा देश आहे. कायद्याचे छत्र आवश्यक असले तरी तेवढ्याने भागत नाही, हे यातून दिसते.

आपल्याकडील प्रश्न

भारतात सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मात्र विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. हिंदूंमध्ये ठराव करून सर्वांना बांधील करणारी केंद्रीय धर्मसभाच नाही. त्यामुळे येथे मतदानाने दार बंदही होत नाही आणि उघडतही नाही. पूजा सांगणारे गुरुजी, देवस्थानचे विश्वस्त आणि घरातील वडीलधारी मंडळी जो निर्णय घेतील, तोच त्या जोडप्यापुरता धर्म ठरतो. ही लवचीकता म्हणजे संधी आहे, तशीच अनिश्चितताही आहे. आज हो म्हणणारे विश्वस्त उद्या बदलू शकतात.

परदेशी गेलेल्या एखाद्या मराठी समलिंगी तरुणाला असे प्रार्थनास्थळ आधाराचे ठरू शकते, यात शंका नाही. परंतु तेथे मन गुंतवण्यापूर्वी त्याने दोन साधे प्रश्न जरूर विचारावेत. आपले लग्न येथे लागेल काय आणि हे कोणी, कोठे लिहून ठेवले आहे? बर्लिन आणि केप टाउनप्रमाणे जेथे असे काहीही लिहिलेले नसते, तेथे दार उघडे ठेवणारी माणसे स्वतःचा जीव पणाला लावून उभी असतात, याचीही जाणीव त्याने ठेवावी.