पाहुण्याचा पैसा कोणाच्या नावे जमा?

पर्यटनामुळे गावात पैसा येतो, असे म्हटले जाते. पण तो गावात राहतो का, हे क्वचितच तपासले जाते. हॉटेलातील भाजीपाला दूरच्या बाजारातून येत असेल, नोकरवर्ग शहरातून आणि नफा मालकाच्या गावी जात असेल, तर स्थानिकांच्या वाट्याला गर्दी आणि कचराच उरतो.

केरळात वेंबनाड सरोवराच्या काठी वसलेल्या कुमरकोम येथे या प्रश्नाला हात घालण्यात आला. २००८ मध्ये राज्याच्या पर्यटन विभागाने तेथे ‘जबाबदार पर्यटन’ हा उपक्रम राबविला. त्यासाठी आधार मिळाला तो १९९८ साली स्थापन झालेल्या ‘कुटुंबश्री’च्या महिला गटांचा. हॉटेलांनी आपल्या स्वयंपाकघराला लागणारा माल शक्यतो गावातूनच घ्यावा, हे त्याचे सूत्र. महिलांनी पडीक जमिनी लागवडीखाली आणल्या आणि त्या भाजीपाला पुरवू लागल्या.

मात्र हॉटेलाला माल रोज, ठरल्या वेळी आणि एकसारख्या प्रतीचा हवा असतो. परसबागेतील पीक हंगामाप्रमाणे येते. ही अडचण कोणताही व्यापारी ओळखेल. म्हणून माल गटांमार्फत एकत्र करणे, त्याची प्रत पाहणे आणि समितीने भाव ठरविणे, अशी व्यवस्था लावण्यात आली. पाहुण्यांना गावातील जीवन दाखविणाऱ्या सहली निघाल्या. काथ्या वळणे, केतकीच्या पानांच्या चटया विणणे ही घरोघरीची कामे दाखविण्याचाही मोबदला मिळू लागला.

गृहिणीच्या श्रमांची नोंद एरवी कोणत्याच वहीत होत नाही. येथे ती झाली, हे या उपक्रमाचे खरे यश. गटातील नियमित बचत आणि वेळेवर परतफेड यांमुळे स्त्रीची स्वतःची पत निर्माण होते. कर्जासाठी तिला दागिने गहाण ठेवावे लागत नाहीत. मात्र श्रम तिचे आणि खाते दुसऱ्याच्या नावे असेल, तर कष्ट तेवढे वाढतात, अधिकार वाढत नाही.

सुट्टीत सहकुटुंब प्रवासाला जाणाऱ्या वाचकांनी घरगुती निवासात उतरताना पैसे कोणाच्या खात्यावर जातात, याची चौकशी जरूर करावी. ज्यांचा हॉटेलचा व्यवसाय आहे, त्यांनी जवळच्या महिला गटाकडून काही माल नियमित घ्यावा आणि त्याचे बिल वेळेवर चुकते करावे. तिला देणगीपेक्षा या खरेदीचा आधार अधिक आहे.